लोकलच्या दारापासून बागेच्या फाटकापर्यंत

तळेगाव दाभाड्याला नुकत्याच राहायला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी त्रासलेल्या सासूबाई. चारचाकी नाही आणि घ्यायचीही नाही. रविवारी लोकलने निघून पुण्यातल्या बागा बघायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा सगळे दमून, वैतागून परतले. त्या विचारतात, "यात आमचं चुकतंय की लोकलचं? आणि ही जोडणी सुधारायची तर नेमकं कुणी काय करायला हवं?"

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. शहरी वाहतुकीच्या आखणीत मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं फलाटावर उभं राहून चढणारी-उतरणारी माणसं मोजण्यात आणि स्टेशनाबाहेर ती कुठल्या दिशेला पांगतात ते टिपण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, पुण्याच्या लोकलचं दुखणं गाडीत कमी आणि गाडीच्या अलीकडे-पलीकडे जास्त आहे. पुण्याहून लोणावळ्यापर्यंतचं तिकीट 15 रुपये, आणि तळेगावहून शिवाजीनगर साधारण पाऊण तासात येतं. गर्दीच्या वेळी रस्त्याने कुठलंही वाहन हे जमवू शकत नाही. पण घरातून निघाल्यापासून बागेच्या फाटकात पाय ठेवेपर्यंतचा सगळा वेळ मोजला, तर त्यातला निम्माशिम्मा वेळ वाट पाहण्यात, जिने चढण्यात आणि रिक्षा शोधण्यात जातो. तुम्ही दमलात ते यामुळेच.

आधी वाट पाहण्याचं बघू. वेळापत्रक न पाहता स्टेशनवर आलेला माणूस सरासरी दोन गाड्यांमधल्या अंतराच्या निम्मा वेळ थांबतो. मेट्रो दर आठ मिनिटांनी असेल तर चार मिनिटं, लोकल तासाने असेल तर अर्धा तास. म्हणजे पाऊण तासाचा प्रवास सव्वा तासाचा होतो आणि वाढलेला अर्धा तास फलाटावर उभं राहून काढायचा असतो. गाडीतली दहा मिनिटं आणि फलाटावरची दहा मिनिटं माणसाला सारखी वाटत नाहीत. कडेवर झोपलेलं मूल असेल तर नाहीच नाही.

मग गाड्या का वाढवत नाहीत, हा पुढचा प्रश्न. पुणे-लोणावळा लोकल 1978 मध्ये सुरू झाली. सुमारे 64 किलोमीटरचा मार्ग आणि पुणे-लोणावळा धरून 17 स्टेशनं. रूळ मात्र दोनच, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्याच दोन रुळांवर लोकल, मुंबईच्या एक्स्प्रेस, दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या. आता हिशोब बघा. प्रत्येक स्टेशनवर थांबणारी लोकल पुण्याहून लोणावळ्याला साधारण 80 मिनिटांत पोचते. न थांबणारी एक्स्प्रेस तेच अंतर साधारण 55 मिनिटांत कापते. लोकल सुटल्यावर पंचवीस मिनिटांच्या आत एक्स्प्रेस सोडली, तर ती लोणावळ्याच्या आधी लोकलला गाठणारच. मग लोकलला मधल्या एखाद्या स्टेशनवर बाजूच्या लूप लाइनवर घेऊन थांबवावं लागतं, नाहीतर एक्स्प्रेस मागे रखडते. म्हणून वेळापत्रकात एक लोकल घालणं म्हणजे एका गाडीची जागा घेणं नव्हे. ती दोन-तीन वेगवान गाड्यांची जागा खाते. त्यात घाटाची भर. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) जोडायची, वर आल्यावर सोडायची. तिथे एक गाडी उशिरा आली की तो उशीर उतरंडीसारखा पुण्याच्या बाजूला येतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे तिसरी आणि चौथी मार्गिका. राज्य मंत्रिमंडळाने त्यांना 2025 मध्ये मान्यता दिली. त्या झाल्या की लोकल आणि एक्स्प्रेस एकमेकींच्या वाटेतून बाजूला होतील. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही आजची स्थिती आहे, आणि आड खोल करण्याला पर्याय नाही. पण भूसंपादन, पूल, सिग्नल यांत वर्षं जातात. तुमचा मुलगा आज सहा वर्षांचा आहे. म्हणून रूळ टाकण्याआधी करता येण्यासारखं काय आहे, त्यावर मला जास्त बोलायचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लक्षात राहील असं वेळापत्रक. समजा तळेगावहून पुण्याकडे दर तासाला ठरलेल्या मिनिटाला, म्हणजे सात-दहा, आठ-दहा, नऊ-दहाला गाडी असेल, तर कुणाला मोबाईल उघडावा लागणार नाही. आज गाड्या कधी चाळीस मिनिटांनी, कधी सव्वा तासाने आहेत आणि दुपारी तर मोठा खंड पडतो. दुपारच्या त्या वेळेला कारण आहे. रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड तारांच्या देखभालीला रोज काही वेळ मोकळा लागतो, त्याला रेल्वेत ब्लॉक म्हणतात. देखभाल टाळा असं मी कधीही म्हणणार नाही, त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. पण ब्लॉक सगळ्या मार्गावर एकदम घ्यायलाच हवा असं नाही. लोणावळा-तळेगाव एका वेळी आणि तळेगाव-पुणे दुसऱ्या वेळी घेतला, तर निदान तळेगावपर्यंतची लोकल चालू राहते. गाड्यांचंही गणित बसतं. पुणे-तळेगाव साधारण 50 मिनिटं आणि टोकाला उलटायला दहा धरली, तर एक फेरी दोन तासांची. अर्ध्या तासाला गाडी हवी तर चार रेक, म्हणजे डब्यांचे चार पूर्ण संच, पुरतात. हीच सेवा लोणावळ्यापर्यंत न्यायची तर सहा लागतात. काही लोकल आजही तळेगावहून परत फिरतात आणि काही शिवाजीनगरहून सुटतात, तेव्हा यात नवं असं काही नाही. हा विचार दुपारसाठी आणि रविवारसाठी करायचा बाकी आहे.

दुसरी गोष्ट बसची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोकलची वेळ दहा मिनिटांनी हलवायची तर मुंबईपासून सोलापूरपर्यंतच्या गाड्यांचा ताळमेळ बघावा लागतो. पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, बस दहा मिनिटांनी हलवायला डेपोतला एक निर्णय पुरतो. जे हलू शकतं ते हलवावं. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, खडकी या स्टेशनांबाहेर लोकल आल्यावर पाच-सात मिनिटांनी बस सुटायला हवी. तेवढा वेळ का, तर जिना चढून-उतरून म्हातारं माणूस बाहेर येईपर्यंत तेवढा जातोच. आज लोकल आल्यावर बाहेर बसची मागची बाजू दिसते. असे किती प्रसंग मी वहीत टिपले आहेत, त्याची गणती नाही.

तिसरी गोष्ट पायी चालण्याच्या वाटेची. माझ्या आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी तिला एकदा लोकलने बागेत घेऊन निघालो होतो. स्टेशनचं नाव सांगत नाही. बाग फलाटावरून दिसत होती, झाडांचे शेंडे अगदी समोर. पण पादचारी पूल फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथवर चालत गेलो, पंचेचाळीस पायऱ्या चढलो, तेवढ्याच उतरलो, आणि पुन्हा रस्त्याने तेवढंच उलटं आलो. आई मधल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "जवळ आहे म्हणाला होतास ना?" मी नकाशावर काम करणारा माणूस, आणि नकाशावर ती बाग खरोखरच दोनशे मीटरवर होती. त्या दिवसापासून कुठल्याही स्टेशनची पाहणी करताना मी सरळ रेषेतलं अंतर लिहिणं सोडलं. आता पायऱ्या लिहितो, सावली कुठे आहे ते लिहितो, आणि बसायला जागा कुठे आहे ते लिहितो. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला एक जिना किंवा उतार काढणं हे नव्या मार्गिकेच्या मानाने किरकोळ काम आहे, आणि त्याने वाचणारा वेळ रोज हजारो माणसांचा असतो.

चौथी गोष्ट तुमच्या दोन्ही फसलेल्या रविवारांचं कारण असावी, असा माझा अंदाज आहे. महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात, दुपारी त्यांना कुलूप असतं. म्हणजे घरचं आवरून दहाच्या सुमाराला निघालेली तळेगावची माणसं बागेच्या दारात पोचतात तेव्हा बाग बंद होत असते, आणि परतायला निघतात तेव्हा लोकलचा दुपारचा खंड सुरू असतो. गाडीला वेळापत्रक आहे, बागेलाही आहे, पण दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. ही जोडणी कुठल्याच खात्याच्या कागदावर येत नाही, कारण बागा उद्यान विभागाकडे आणि गाड्या रेल्वेकडे. निदान स्टेशनजवळच्या मोठ्या बागा तरी रविवारी दिवसभर उघड्या ठेवाव्यात. झाडांना पाणी घालायला आणि सफाईला आठवड्याचे बाकीचे दिवस आहेत.

आता तुमच्यासाठी प्रत्यक्ष वाटा सांगतो.

पहिल्यांदा बंडगार्डनला जा. तळेगावहून सकाळची लवकरची लोकल घ्या आणि थेट पुणे स्टेशनला उतरा. शिवाजीनगर आधी येतं म्हणून तिथे उतरावंसं वाटेल, पण सासूबाई बरोबर असताना नको. शिवाजीनगरची मेट्रो भुयारी आहे, आणि वनाज-रामवाडी मार्गावर जायला जिल्हा न्यायालय स्टेशनात गाडी बदलावी लागते. तिथला भुयारी फलाट जमिनीखाली सुमारे 33 मीटर आहे. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, पण एवढं वर यायला वेळ जातो आणि माणूस गोंधळतो. पुणे स्टेशनला उतरलात तर पादचारी पुलावरून राजा बहादूर मिलच्या बाजूला मेट्रो आहे, आणि ती थेट त्याच मार्गावरची. रूबी हॉलनंतरचं स्टेशन बंडगार्डन. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनावर लिफ्ट असते. रेल्वेच्या फलाटावर मात्र लिफ्ट किंवा सरकता जिना कुठे आहे ते एकदा एकटीने जाऊन पाहून ठेवा.

बंडगार्डनचं नाव आज महात्मा गांधी उद्यान आहे. मुळा-मुठेवर बंधारा आहे म्हणून 'बंड'. शेजारचा दगडी फिट्झगेराल्ड पूल 1869 चा. आता त्यावरून वाहनं जात नाहीत, म्हणून मूल हात सोडून धावलं तरी जीव टांगणीला लागत नाही. पुलाच्या टोकांना दगडी सिंह आहेत, तुमच्या मुलाला बागेपेक्षा ते जास्त लक्षात राहतील. थंडीच्या दिवसांत नदीवर पक्षी असतात. पाण्याला वास असतो हेही सांगून ठेवतो. ती आपल्या शहराची लाज आहे, पण म्हणून नदीकडे पाठ फिरवू नये.

दुसऱ्या रविवारी त्याच पुणे स्टेशनावरून उलट दिशेची मेट्रो घ्या आणि चौथ्या स्टेशनावर, छत्रपती संभाजी उद्यानला उतरा. तिथलं छत मराठा पगडीच्या आकाराचं आहे. जंगली महाराज रस्त्यालगतच्या या बागेत बाक भरपूर आणि सावली दाट. सासूबाईंना तासभर बसता येईल आणि मुलाला खेळता येईल. बालगंधर्व रंगमंदिर अगदी जवळ. दुपारचं जेवण डेक्कनच्या बाजूला करून संध्याकाळच्या लोकलने परत या.

सारसबागेला जायचं तर मात्र शिवाजीनगरला उतरा, कारण स्वारगेटची भुयारी मेट्रो तिथून थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. स्वारगेट ते सारसबाग साधारण किलोमीटरभर आहे. रस्ता वाहता आणि पदपथ जागोजागी तुटलेला, म्हणून सासूबाईंसाठी रिक्षा करा. तळ्यातला गणपती हे नाव ऐकून मुलगा तळं शोधेल. पेशव्यांच्या काळी इथे खरंच तळं होतं आणि देऊळ त्यातल्या बेटावर होतं. सवाई माधवरावांच्या काळात, 1784 मध्ये, इथे गणपतीची स्थापना झाली. तळं पुढे बुजलं आणि त्यावर बाग आली. आजोबा-पणजोबांनी पाहिलेलं पाणी आपल्या पायाखाली आहे, हे सहा वर्षांच्या पोराला सांगून बघा.

एम्प्रेस गार्डन माझी सगळ्यांत आवडती जागा. सुमारे 39 एकर, रेसकोर्सच्या पलीकडे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ती एकोणिसाव्या शतकापासून सांभाळते आहे. तिथल्या जुन्या वेलीचं खोड झाडासारखं जाड झालं आहे आणि तिच्या वेटोळ्यांवर मुलं पिढ्यान्पिढ्या बसत आली आहेत. जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, पुष्पप्रदर्शन भरतं. दुपारी ही बाग उघडी असते, म्हणजे उशिरा निघणाऱ्यांना तीच खरी सोयीची. आणि घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. मिरजेच्या मार्गावरचं घोरपडी स्टेशन तिथून फार लांब नाही, पण तिथे सोयीच्या वेळेला थांबणाऱ्या गाड्या नगण्य. त्यामुळे पुणे स्टेशनहून रिक्षा किंवा बस करावी लागते. पुणे-दौंड मार्गाचं विद्युतीकरण 2017 मध्ये झालं आणि डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी लोकलसारखी गाडी, सुरू झाली, तरी शहराच्या पूर्वेला लोणावळ्याच्या बाजूसारखी लोकल सेवा अजून मिळालेली नाही. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळीची माणसं ही मागणी किती वर्षं करत आहेत. माझं ठाम मत आहे की पुण्याच्या लोकलचा पुढचा पैसा पूर्वेला लागला पाहिजे, कारण तिथे वस्ती वाढली आणि मेट्रो अजून पोचलेली नाही.

तुमच्या बाजूचंही विसरू नका. आकुर्डी स्टेशनहून रिक्षाने निगडीची दुर्गा टेकडी. झाडी चांगली, पायवाटा रुंद, चढ सौम्य. पावसाळा ओसरताना बेगडेवाडी किंवा घोरावाडीला उतरून घोरावडेश्वराची लेणी, पण पायऱ्या आहेत, सासूबाईंना घरीच राहू द्या. मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की मळवलीला उतरून भाज्याची लेणी. बावीस लेण्यांचा हा समूह दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि स्टेशनपासून चालत जाता येतं. खडकी स्टेशनहून रिक्षाच्या अंतरावर गणेशखिंड उद्यान आहे, 1873 पासूनचं, 33 हेक्टरचं. राज्य सरकारने 2020 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. तिथे फळसंशोधनाचं काम चालतं, म्हणून आत शिरण्याआधी रीतसर विचारा.

शेवटी, तुम्ही काय करू शकता. तक्रार लिहिताना "लोकल वाढवा" एवढंच लिहिलं तर उत्तर एका ओळीत येतं. मी कार्यालयात त्या बाजूलाही बसलो आहे, अशी पत्रं फायलीत कशी जातात ते पाहिलं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, नेमकं काय हवं ते लिहावं: अमुक स्टेशनवर रविवारी सकाळची अमुक लोकल अमुक वाजता येते, बस तीन मिनिटं आधी सुटते, ती आठ मिनिटं उशिरा सोडा. सोबत चार रविवारांच्या नोंदी जोडा. बससाठी पीएमपीकडे, बागेच्या वेळेसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे, लोकल आणि जिन्यासाठी पुणे विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांकडे. रेल्वेची विभागीय प्रवासी सल्लागार समिती असते, तिच्या सदस्यांकडे हेच पत्र द्या, ते बैठकीत मांडू शकतात. तिन्ही ठिकाणी एकच पत्र पाठवू नका. प्रत्येकाला त्याच्याच हातातलं एक काम सांगा.

पुढच्या रविवारी बंडगार्डनला जाताना पर्समध्ये एक छोटी वही ठेवा. घरून कधी निघालात, लोकल किती वाजता आली, पुलाच्या पायऱ्या किती, मेट्रोसाठी किती थांबलात, फाटकात किती वाजता पोचलात, एवढंच टिपा. पायऱ्या मोजायचं काम मुलाला द्या. चार रविवारच्या नोंदी झाल्या की पाठवा, पत्राचा मसुदा मी करून देतो.